धुमरी नदी का पिते

(देवपूर, धुळे. हाशमभाईंचा पत्रिका छापायचा छोटा कारखाना. आत मशीनची धडधड. बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरपुढे दहावीतल्या दोघी : गोष्टी लिहिणारी पुनम आणि तिच्या पुस्तकाची पानं लावणारी हाशमभाईंची मुलगी खुशनुमा.)

पुनम : अजून मोठं कर. अजून! माझा जीव जाईल आता, खुशनुमा. ते पोटात काय आहे?

खुशनुमा : थांब ना, बाई. स्कॅन जड आहे, उघडायला वेळ लागतो... हं, हे बघ. डोकं. डोळे. शेपटी.

पुनम : शेपटी?

खुशनुमा : तुझ्या गोष्टीतल्या त्या अजस्र धुमरीच्या पोटात पिल्लू आहे.

पुनम : शक्यच नाही! मोबाइलवर फोटो आला त्यात नुसतं निळं निळं होतं. मला वाटलं, पाणी. दर उन्हाळ्यात सगळी पांझरा नदी पिऊन टाकते ना ती!

खुशनुमा : पाणीच आहे. पाण्यात पिल्लू पोहतंय. काय काढलंय यार!

पुनम : अगं, कौतुक काय करतेस? शेवटच्या गोष्टीत गावकरी तिला भाल्यांनी मारतात. मी मारलीये तिला! आणि लोकांना हे पोटातलं दिसणार?

खुशनुमा : दिसणारच. डाव्या पानावर ती मरते, उजव्या पानावर हे चित्र.

पुनम : मग दुसरं लाव. माहेनूरने काढलेली उडती रिक्षा लाव.

खुशनुमा : रिक्षा दुसऱ्या गोष्टीला लागली. दीपकचा तीन डोळ्यांचा पोपटपण लागला. मॅडम, कव्हरवर 'वाचकांच्या फॅन आर्टसह' असं कुणी लिहायला लावलं? धुमरी एकाच वाचकाने काढलीये. बाकी सगळे तिला घाबरले.

पुनम : मग पोट भरून टाक. निळ्याने. एक मिनिटाचं काम आहे तुझं.

खुशनुमा : त्याहून कमी. पण ज्यांनी काढलं, त्यांना विचारलंस?

पुनम : आता कुणाला विचारू? पाचला हाशमचाचा मशीनवर लग्नपत्रिका चढवणार, त्याआधी आपली पानं द्यायचीत. सोमवारी शाळेत प्रकाशन. मी सगळ्यांना सांगून बसलेय, अगदी मेसच्या काकूंनापण!

खुशनुमा : पिंपळनेरच्या आबांना विचार. पुठ्ठ्यात घालून, दोरी बांधून, एसटीच्या कंडक्टरजवळ मूळ चित्र धाडलंय त्यांनी. न विचारता मी हात लावणार नाही.

पुनम : तू माझी मैत्रीण आहेस की त्यांची? लावते फोन. स्पीकरवर ठेवते, नाहीतर तुला खरं वाटायचं नाही. वाजतोय... देवा, नको उचलू देऊस, नको उचलू देऊस... हॅलो! तोतारामआबा? मी पुनम, धुळ्याहून.

तोताराम : आरे वा! गोष्टीवाली माय! बोल, बोल. चित्र भेटनं का?

पुनम : भेटलं आबा. खूप आवडलं. म्हणजे खरंच. फक्त ते पोटात...

तोताराम : पिल्लू शे.

पुनम : हो. पण माझ्या गोष्टीत पिल्लू नाहीये ना, आबा.

तोताराम : नही कसं? मन्ही नात माले वाची दाखाडस. धुमरी बठ्ठी नदी पी टाकस, हाई तूच लिखेल शे. पन कसाले पीस, ते लिखं नही. मी लई इचार करा. एकटीले एवढं पानी कसाले? आनि चालतांना ती पोटले जपस, हाई बी तूच लिखेल शे. मंग समजनं. पिल्लूले पोहाले पानी लागस.

पुनम : (स्क्रीनवरचं पिल्लू अजून मोठं करत) हं.

तोताराम : आयकी ऱ्हायनी ना, माय?

पुनम : ऐकतेय. आबा, मी ते पोटाचं वाक्य असंच लिहिलं होतं. छान वाटलं म्हणून. मला काही माहीतच नव्हतं.

तोताराम : तुले नही ते कोनले माहीत व्हई? (हसतात.) बरं, पुढे काय व्हयनं तिन्हं? नात सांगस, शेवटला भाग तू आजून लिखाच नही. मी रोज इचारस, ती रोज तेच सांगस.

खुशनुमा : (हळूच) नातीने लपवलंय.

पुनम : शू!

तोताराम : कोन शे तठे?

पुनम : मैत्रीण आहे आबा. पुस्तकाची पानं लावतेय.

तोताराम : तिले मन्हा आशीर्वाद सांग. मंग? धुमरी बरी शे ना?

पुनम : आबा... पुस्तक पाठवते मी. त्यात आहे.

तोताराम : धाड, धाड. आनि आभ्यास बी कर बरं, दहावी शे तुन्ही.

पुनम : हो आबा. ठेवते.

खुशनुमा : भरू निळं?

पुनम : थांब.

खुशनुमा : पाच वाजत आले, पुनम.

पुनम : सगळे रडले होते गं त्या शेवटाला. सुकदेव सर वाचता वाचता थांबले, चष्मा पुसला, आणि अख्ख्या वर्गासमोर म्हणाले, ही लेखिका आहे. मला! ज्या मला आजवर कुणी बेंचवरून उठवून काही विचारलं नव्हतं! माझा सगळ्यात भारी शेवट आहे तो.

खुशनुमा : भारीच आहे. मीपण रडले.

पुनम : मग त्या पोरीने आजोबांपासून का लपवला?

खुशनुमा : तू आत्ता का नाही सांगितलास?

पुनम : तोंडातून निघेचना. 'बरी शे ना' म्हणाले गं... ऐक. गावकरी भाले उचलतात. आणि तेवढ्यात तिचं पोट हलतं. मग थांबतील का ते?

खुशनुमा : मला काय विचारतेस? गाव तुझं आहे.

पुनम : सगळे नाही थांबणार. एखादी बाई थांबेल. ती पुढे होऊन आडवी उभी राहील... चाचांना म्हणावं, आधी पत्रिका घ्या, आमची पानं रात्री.

खुशनुमा : अब्बा ओरडतील.

पुनम : ओरडू देत.

खुशनुमा : आणि सरांची प्रस्तावना? ती छापून झालीये. धुमरीच्या मरणावर दीड पान रडलेत ते. सोमवारी स्टेजवर त्यांना काय सांगणार?

पुनम : माहीत नाही. फाइल उघड. मी सांगते, टाइप तू कर.