मामाची जीभ अन माही सोयरीक

खाण्यात खोट कशी काढावी, हे आमच्या वासुदेवमामाले विचारा. जन्मात कधी चूल पेटवली नाई, पण साऱ्या आचाऱ्याइले अक्कल शिकवे.

बाबा गेल्यापासून आम्ही हिंगणघाटले मामाच्याच घरी राहो. माह्यासाठी पोरगी पाहाले मामा, मामी अन मी एस्टीनं कारंज्याले निघालो. आर्वीच्या स्टँडवर मामानं तर्री-पोहे घेतले. "हे तर्री आहे का हळदीचं पाणी?" म्हणत प्लेट चाटून साफ केली. तळेगावले आलुबोंडे खाता खाता म्हणे, "इकडच्या लोकाइले खाणंच समजत नाई." अन वर अजून दोन मागवले.

पोरीच्या घरी पाटवड्यांचा रस्सा होता. मी तर बोटं चाटून राह्यलो होतो. मामानं पहिल्याच घासाले तोंड वाकडं केलं.

"पाटवड्या कच्च्या, रस्सा आळणी. लग्न होऊन आली का आमच्या घरी शिकजो, पोरी."

तिच्या बापानं मान खाली घातली. पोरगी वाढता वाढता थांबली.

"मामाजी, तुमच्या घरी रांधते कोण?"

"कोण म्हणजे? हे बायको."

तिनं मामीकडं पाह्यलं. "मामीजी, यायनं तुमच्या हातचं कधी चांगलं म्हटलं का?"

रस्ताभर मामी एक शब्द बोलली नव्हती. ती म्हणाली, "नाई व माय, कधीच नाई."

मामाचा घास हातातच राह्यला. मी घाईघाईनं म्हटलं, "मले पोरगी पसंत आहे."

पोरगी माह्याकडं पाहून म्हणे, "तुम्ही चांगले असान जी, पण मले घर पसंत नाई."