रस्लानच्या लेकीचे रोजे

सन्माननीय अध्यक्ष उमदासाहेब, जिल्ह्याहून आलेले आरोग्य अधिकारी, मशिदीचे शेखसाहेब, ज्यांना आज आपण निरोप देतो आहोत त्या डॉक्टर इन्शिराहबाई, आणि कनातीपलीकडे बसलेल्या आयाबहिणींनो,

मी उसाच्या रसाच्या गाड्यावर गिलास विसळत मोठा झालेला माणूस. आज तुम्ही बसलात त्या खुर्च्या माझ्या. (उमदासाहेब, आजचं भाडं माफ!) लग्न असो की मयत, मांडव माझाच, त्यामुळे गावातलं बोलणं आधी माझ्या कानी येतं. मघापासून वक्ते म्हणताहेत, बाईंनी 'स्त्रियांच्या आजारांवर' मोठं कार्य केलं. कोणते आजार, ते मात्र कुणाच्या तोंडून निघेना. मी सांगतो. जिची गोष्ट सांगणार आहे त्या मुलीच्या बापाची, रस्लान नावाड्याची, मुभा घेऊन आलो आहे.

दर रमजान सरला की रस्लान घाटावर छाती फुगवून सांगायचा, "माझ्या बदरियाचा एकही रोजा सुटला नाही!" आणि आपण म्हणायचो, वा, काय देवभोळी पोर! पाळीच्या दिवसांत आपल्या बायकांना रोजा नसतो, हे आपल्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं? मग वयात आलेल्या पोरीचे रोजे पूर्ण होतात कसे? पण तिकडे पुरुषानं बघायचं नाही, ही आपली रीत. आईला वाटलं, पोर लाजरी. भावांना कळू नये म्हणून तशीच उपाशी राहत असेल.

महिन्याच्या महिन्याला तिचं पोट दुखायचं. आई जिऱ्याचं पाणी पाजायची. मग पोट वाढू लागलं. आत्या आली, पोटावर हात ठेवला नि म्हणाली, "जिऱ्यानं उतरणारं नाही हे. कुणाचं ते विचार तिला!"

"आत्या, कुराणाची शपथ, मला कुणी बोटसुद्धा लावलेलं नाही."

"गप! पोट खोटं बोलत नाही."

नदीपलीकडची एक बाई बोलावली. तिनं काय केलं, ते या सभेत सांगवत नाही. एक काडी वापरली, एवढंच म्हणतो. काळं, साकळलेलं रक्त आलं. आत्या म्हणाली, "घ्या! म्हटलं नव्हतं मी?"

ताप चढला तेव्हा तिला माझ्या टेम्पोतून दवाखान्यात नेलं. पडद्याबाहेर रस्लान आणि मी. आतून डॉक्टरबाईंचा आवाज आला, "हिला पाळी कधीपासून येते?"

आई म्हणाली, "रोजे तर कधी सुटले नाहीत, बाई."

बाईंनी तपासलं नि तिला ताबडतोब शहराला न्यायला सांगितलं. शहराच्या रुग्णालयात पोचायच्या आत बदरिया गेली.

मयतीचा मांडव मी घातला. शेखसाहेब, पठणाला तुम्हीच होता. कडू कॉफीचे पेले फिरत होते, आणि पेल्यांआडून काय चाललं होतं, सांगू? "बापानंच काटा काढला असेल." "बरं केलं. इज्जत राहिली."

तेवढ्यात बाई थेट पुरुषांच्या मांडवात शिरल्या. पठण थांबलं.

"डॉक्टरबाई, इथं पुरुष बसलेत!" कुणीतरी ओरडलं.

"म्हणूनच आले," बाई म्हणाल्या. "या मुलीला कुणाचाही स्पर्श झाला नव्हता. जन्मापासूनच तिच्या पाळीच्या वाटेवर बंद पडदा होता. दर महिन्याची पाळी आतच साठत गेली. पोट त्यानं वाढलं. नीट शस्त्रक्रिया करून लहानसा छेद दिला असता, तर ती हसत घरी आली असती."

माना खाली. सगळे आपापल्या चपलांकडे बघत होते. बाईंचाही आवाज शेवटी बसला होता. तेव्हा रस्लान उठला. मला वाटलं, आता हा बाईंच्या अंगावर जातो. तो म्हणाला,

"जरा मोठ्यानं, डॉक्टरबाई. मागच्यांना ऐकू गेलं नाही."

बाईंनी सगळं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं, 'पाळी' हा शब्द न गिळता.

त्यानंतर काही आया आपल्या लेकींना वेळेत घेऊन आल्या. सगळ्याच आल्या, असं मी म्हणणार नाही. आणि अधिकारीसाहेब, बाईंच्या जागी अजून कुणाची नेमणूक झालेली नाही, एवढं जाताना सोबत न्या.

बाई, गावातर्फे तुमचे आभार मानतो, ते अपुरेच आहेत. अध्यक्षांनी वेळ दिला, आपण ऐकून घेतलंत, ऋणी आहे. बोलण्यात मर्यादा सुटली असेल तर वडीलधाऱ्यांनी क्षमा करावी. शब्द मागे घ्यायला मात्र सांगू नये.