तीन माणसं, तीनशे लुटारू

नाही, पण तीनशे? समोर माणसं किती, तं तीन, आणि त्याइच्या अंगावर लुटारू किती सोडले, तं तीनशे, आणि वरून म्हणायचं काय, तं 'मी काय करू, पुस्तकात तसंच लिहेल आहे'... तुमाले सांगतो, मलकापूरच्या आमच्या प्रसेनजितसारखा सरळ माणूस शोधून सापडणार नाही, दवाखान्यात दिवसभर लोकाइचे एक्स-रे काढते, कोणाले वाकडं बोलत नाही, पण रविवारी दुपारी दोन वाजता घरी तो खेळ मांडला का याचा पार यमराज होते.

खेळ कसा ते आधी आइका, नाही तं मधातच इचारसान. सोंगट्या नाही, पत्ते नाही. एक जण गोष्ट सांगते, बाकीचे त्या गोष्टीतले वीर. तो म्हणते, 'तुमी गुहेच्या तोंडाशी उभे आहा, आता काय करता?' आपण म्हणायचं, वाकून पाह्यतो, अन् मंग फासे टाकायचे, जगला का मेला ते फासे ठरवते. आणि याचं नियमाचं पुस्तक, बरं का, दर काही वर्षानं नवीन निघते. प्रसेनजितजवळ सगळ्यात जुन्या आवृत्तीची झेरॉक्स, अन् तिच्यात काय, तं लुटारू भेटले तं किती भेटतीन? तीस ते तीनशे. आता तुमीच सांगा, हा काय आकडा झाला? लग्नाले पाहुणे किती येतीन म्हटलं तं असं उत्तर देते माणूस.

बरं, मरणारे कोण? एक गोकुळ, कापसाच्या जिनिंगमध्ये कामाले, तो मेला तरी हसते. दुसरे रंगरावकाका. तीस वर्षं रेल्वेच्या फाटकावर नोकरी, आवाज असा का ट्रकवाला मुकाट मागं घे. मागच्या वर्षी त्याइले लकवा मारला. हातपाय आले ठिकाणावर, जीभ नाही आली. शब्द अडकायचा, समोरचा तोंडाकडे पाह्यत राहायचा, काकाले लाज वाटायची... तं त्याइनं बोलणंच सोडून देलं. दवाखान्यात प्रसेनजितनं हे पाह्यलं अन् म्हटलं, 'काका, रविवारी घरी या, चार माणसात बोलणं होईन.' तवापासून त्याइच्या घरच्या, गीताकाकू, दर रविवारी त्याइले हात धरून आणून सोडत.

आणि व्हायचं काय? काकानं कागदावर वीर लिहायचा, त्याले नाव द्यायचं, आणि विसाव्या मिनिटाले वीर खलास. कोणी विषारी काट्यावर, कोणी खड्ड्यात, एक तं दरवाजा उघडल्या उघडल्या. तोंड उघडाची पाळीच नाही. काका बोट वर करत, म्हणजे दुसरा कागद द्या. असे अकरा वीर गेले, तुमाले सांगतो, अकरा, अन् प्रसेनजितचं एकच, 'काका, पुस्तकात तसंच लिहेल आहे.'

तीनशे लुटारू सोडले तो समीक्षा मॅडमचा पहिला दिवस. बाई धामणगाव बढ्याच्या शाळेत गणित शिकवते, तासभर बसचे धक्के खाऊन आली, आणि दहा मिनिटात मेली. शांतपणे पिशवी उघडली अन् नवीन आवृत्ती टेबलावर ठेवली.

'दादा, हे पाहा. वीर किती, किती तयारीचे, त्या मापानं राक्षस आणायचा. आणि वीर पडला तरी लगेच मरत नाही, जीव वाचवाले तो फासे टाकू शकते.'

प्रसेनजितचं डोकं फिरलं. 'मॅडम, राक्षस काय पंगतीतली बुंदी आहे का, पानं मोजून वाढाले? आमच्या पुस्तकात भारी राक्षस दिसला तं पळायचं. अक्कल लागते त्याले.'

'कबूल. पण तुमी काकाइले इथं बोलाले बोलावलं ना? मंग ते बोलाच्या आत काऊन मरून राह्यले?'

यावर पुस्तकात काही लिहेल नव्हतं.

तो आठवडा प्रसेनजितले जेवण गोड लागलं नाही. दोन्ही पुस्तकं शेजारी मांडून बसला. नव्यातलं माप त्याले पटलं, हो, मनातल्या मनात पटलं, पण त्यात जिकडं पाहावं तिकडं लढाईच. म्हणून जुनं पहिल्या पानापासून काढलं, तं मधात एक तक्ता. राक्षस भेटला का लगेच लढत नाही. आधी दोन फासे टाका. कमी पडले तं हल्ला, जास्त पडले तं दोस्ती, अधलेमधले पडले तं तो आइकून घेते. नऊ वर्षं, तुमाले सांगतो, नऊ वर्षं हा माणूस ते पान उलटून पुढं जाऊन राह्यला होता. पुस्तकात तसंच लिहेल होतं... यानंच वाचलं नव्हतं. इतका शरमला का मायलेबी सांगितलं नाही.

रविवारी पुलावर राक्षस आला. एकच, नव्या पुस्तकाच्या मापाचा. प्रसेनजितनं जुन्या पुस्तकाचे दोन फासे टाकले, सात पडले, म्हणजे अधलेमधले. आवाज घोगरा करून त्यानं थेट काकाच्या बाराव्या वीराले इचारलं, 'कोण बे तू? काऊन आला?'

काकाचे नुसते ओठ हालले. समीक्षा मॅडम मदतीले तोंड उघडणार, तं प्रसेनजितनं हातानंच थांबवलं. चहावर साय धरली.

'फा...' काका म्हणाले. 'फाट...'

काकानं टेबलाची कड धरली.

'फाटक बंद हाय.'

'कायचं फाटक?' राक्षस खरंच चक्रावला.

'पुलाचं. मा... मालगाडी येऊन राह्यली. मागं घे.' घाम आलता काकाले, पण थांबले नाही. 'लांब हाय गाडी. उभा राह्य. डबे मोज.'

आणि राक्षस मोजाले लागला, काय करते? काका अडखळत अडखळत एकेक डबा सांगत, कोळसा, सिमेंट, खत, कांदा, आणि तिकडं तिन्ही वीर पूल ओलांडून गेले. तलवार नाही, घाव नाही. बेचाळीस डबे झाले. लकव्यानंतर काका एवढं कोणाशीच बोलले नव्हते. गीताकाकू न्याले आल्या होत्या, त्या दारातच चप्पल हातात घेऊन उभ्या राह्यल्या, आवाज नको म्हणून.

खेळ संपल्यावर प्रसेनजितनं मॅडमले हात जोडले. 'तुमच्या पुस्तकाचे उपकार झाले, मॅडम.'

'तुमच्याबी. फक्त पूर्ण वाचत जा.'

आता चार महिने झाले. दोन्ही पुस्तकं टेबलावर असते, नियम दोघाइचे घेते. काकाचा बारावा वीर अजून जिता आहे, कारण काका लढतच नाही, बोलते. राक्षसाले बोलते, भुताले बोलते, गोकुळची पाळी येतच नाही. परवा गीताकाकू आल्या, प्रसेनजितचे दोन्ही हात हातात घेतले, डोळे भरून आलते त्याइचे.

'भाऊ, तुमचे उपकार जन्मभर फिटाचे नाही. पण घरी दूधवाला निसटत नाही याइच्या तावडीतून, शेजारच्याइनं दार लावून घेतलं. याइले घडीभर गप बसवाचा नियम कोणत्या पुस्तकात आहे, तेवढं पाहा ना.'

प्रसेनजितनं दोन्ही पुस्तकं पाह्यली. मधातल्या आवृत्त्यासुद्धा मागवून पाह्यल्या. कोठीच लिहेल नाही, बाप्पा.