मागच्या सीटवरचं बोलणं

विजेची मोटारसायकल घ्यायची का, हे माझं अजून ठरत नाही. का, ते ऐका. जुन्या गाडीच्या आवाजात मागे बसलेल्या बायकोचं, शालूचं, बोलणं मला कधी ऐकूच यायचं नाही. मी नुसता "हाव, हाव" करायचो. एकदा वडनेरपाशी तिची चप्पल पडली. ती ओरडत राहिली आणि मी हाव हाव करत तिला थेट नांदुऱ्यात उतरवलं.

"उद्या मी पडली तरी हावच म्हणसान!" ती म्हणाली.

परवा मित्राला, सुधाकरला, मागे बसवून विजेची गाडी चालवून पाहिली.

"ऐकू येऊन राह्यलं का बे?" त्याने हळूच विचारलं.

"शब्द न् शब्द."

"मंग घेऊन टाक! काऊन थांबला?"

"जिचं ऐकायचं होतं ती मागच्या वर्षी गेली, सुधाकर."

"हाव," तो पुटपुटला. तेही स्पष्ट ऐकू आलं.