आवाजाची टिक

माझं माहेर सेलू तालुक्यातलं, केळझरच्या अलीकडं, गाव एवढं लहान की नाव सांगून तुम्हाले काई समजनार नाई, तर केळझरच लिहा. बाबा मिस्तरीच्या हाताखाली कामाले जात. माय मी सहा वर्षांची असताना गेली, काऊन गेली ते मले आजपर्यंत कोनी धड सांगतलं नाई. मंग वाढवलं कोनं, तर ताईनं. ताई माझ्याहून नऊ वर्षांनं मोठी, म्हनजे तीबी लेकरूच, पन माझी वेनी तिनं घातली, शाळेत नेऊन तिनं बसवलं, आन मी खेळाले दूर गेली की दारात उभी राहून हाक मारे, ए सुनी. माझं नाव सुनंदा, सुनी म्हननारी ती एकटीच. आन आवाज काय सांगू तुम्हाले, गनपतीच्या टेकडीवर चढलेल्या मान्सालेबी वाटे का आपल्यालेच बोलावून राह्यली. बाबा म्हनत, हिच्या गळ्यात भोंगा हाये भोंगा. विहारात वंदना सुरू कराची तर ताईनंच कराची, बाकी साऱ्या तिच्या मागून. पुढं तिचं लग्न गावातल्या गावातच झालं आन ती शाळेत खिचडी शिजवाले लागली, तर साऱ्या शाळेची पंगत ती एका हाकेवर बसवे, गुरुजींले घंटी वाजवा नाई लागे.

बारावीनंतर मले वर्ध्याले टायपिंगले ताईनंच टाकलं. सकाळी यष्टीत बसवून देई, संध्याकाळी फाट्यावर न्याले येई, पाऊस असो का ऊन असो, उभी असे. टायपिंगनं माझा ळ सुधरला, ण काई सुधरला नाई. ताई हसे मले, म्हने हयदीले हळद म्हनाले लागली तू, आता तुले साहेबीनच म्हना लागते.

लग्न होऊन मी सिंदी मेघेले आली. आमचे हे शुटिंगवाले, लग्नाची शुटिंग करत, अजूनबी करतात. पहिले मिक्सिंग नागपूरले पाठवा लागे. मिक्सिंग म्हनजे शुटिंगमधलं कापाचं, जोडाचं, त्यावर गानी लावाची आन लग्नाची फिल्म बनवाची. मी म्हनलं, कॉम्प्युटर मले येते, मी करून पाहते. पाहता पाहता घरचंच मिक्सिंग सुरू झालं. किती लग्न मी या खुर्चीवर बसून लावले असतीन, मलेच मोजता येत नाई. अर्ध्या जिल्ह्याच्या नवऱ्या मी रडताना पाह्यल्या, आन त्यातली एकबी मले वळखत नाई.

तवा टेप होती, टेपचं काई वाटे नाई. मंग यायनं कार्डवाला एचडी कॅमेरा घेतला. चित्र असं का नवरीच्या कपाळावरचा घाम दिसे. पन कॉम्प्युटर आमचा जुनाच, अन् ती फाईल टाकली का तो अटके. नवरदेव हार घालाले हात उचले आन तसाच उभा राहे, आवाज पुढं निंघून जाये, चित्र मागं. मी म्हनलं कॅमेराच खराब हाये. मंग यायच्या एका दोस्तानं समजवून सांगतलं का वहिनी, हा कॅमेरा सारं दाबून दाबून बोचक्यात भरते, तुमच्या कॉम्प्युटरले ते बोचकं दर खेपेले सोडा लागते, त्यात त्याचा जीव जाते. तर फाईल आधी कन्व्हर्ट करा, सुटी करा, आन मंगच मिक्सिंगले घ्या. आमच्या घरात त्याले नाव पडलं हलकं करनं. हे बाहेरून आले का चप्पल काढाच्या आधी विचारत, हलकं झालं का. पन गंमत पाहा, हलकी केलेली फाईल जागा उलटी जास्त खाते. चालाले हलकी आन ठेवाले जड. एक लग्न हलकं केलं का डिस्क भरली, मंग मूळ फाईल पुसून टाका, कार्ड रिकामं करा, उद्या दुसरं लग्न उभं. सीझनमंदी तर एकाची हळद निघाली नाई का दुसऱ्याची भरली.

त्या कन्व्हर्टरमंदी खाली एक लहानसा चौकोन होता, आवाजाचा. त्यात टिक ठेवली का आवाज येते, काढली का नुसतं चित्र. आता हळद, मेंदी, वरात, यावर तर सिनेमाचीच गानी लावाची असतात. लोकांले तेच पाह्यजे. खरा आवाज ठेवला तर म्हनतात, हे काय वहिनी, भांडे वाजून राह्यले, लेकरू रडून राह्यलं, आमची मामी बोंबलून राह्यली, हे काढा न. म्हनून हळदीची फाईल असली का मी टिक काढून टाके. विधीच्या टायमाले ठेवे, बाकी काढे. काम लवकर होये आन मिक्सिंग करताना खाली आवाजाचा पसारा नाई राहे. हे मले कोनी शिकवलं नाई बरं का, ही माझीच हुशारी. हे म्हनत, तू लय फास्ट झाली. मले बरं वाटे ऐकून.

मंग ताईच्या लेकीचं, पल्लवीचं लग्न निंघालं. आमच्यात काई जन म्हनतात हळद करू नये, जुनं सोडलं तर सोडलं. ताईचा दीरबी तसंच म्हने. ताई म्हने, लेकीच्या अंगाले पिवळा रंग लागला त कोनाचं काय जाते. बाहेर पोट्टे डीजेवर नाचून राह्यले होते ते थांबले, आन आतल्या खोलीत बायका-बायकाच हळद लागली. हे दारात कॅमेरा घेऊन. आन ताईनं गानं धरलं. पुस्तकातलं नाई, तिचंच, तवाच जुळवलेलं, एकेकाचं नाव घेऊन एकेक कडवं. पहिलं मायवर होतं, तेवढं मले पाठ हाये.

पयली हयद वं लावते मायच्या हातानं,
माय नाई त लावते तिच्या नावानं.

मंग दुसरं बाबांवर. तिसरं माझ्यावर. मी तवा ताट घेऊन पानी आनाले चालली होती, मले नुसतं सुनी ऐकू आलं आन मागून बायका हसल्या. मी वळून म्हनलं, काय म्हनलं वं ताई माझ्यावर. ती म्हने, शुटिंगमंदी ऐकजो.

शुटिंगमंदी ऐकजो म्हने.

दुसऱ्याच दिवशी यायले हिंगनघाटले जाचं होतं, कार्ड रिकामं पाह्यजे होतं. मी पल्लवीची हळद हलकी कराले टाकली. टिक माझ्या हातानं काढली का नाई ते मले आठवतबी नाई, एवढी ती हाताची सवय. चित्र तपासलं, सुरू होते, मधात अटकत नाई, सुरेख. मूळ फाईल पुसली. कार्ड यायच्या हातात देल्लं. माझ्या मनात एकदाबी नाई आलं का आपल्याले तिसरं कडवं ऐकाचं हाये.

फिल्म तयार झाली. हळदीवर मी सिनेमाचं गानं लावलं, साऱ्यायले लावते तसंच. ताईच्या घरी सारे पाहाले बसले, तर ताई पडद्यावर तोंड उघडून गाऊन राह्यली आन आवाज भलतीचाच. ताई पोट धरून हसली. म्हने, माह्या गान्यावर हे कोनाले बसवलं वं. मी म्हनलं, ताई, आता असंच असते. मले थोडं वरमल्यासारखं झालं. तर तीच म्हने, राहू दे, आवाजाचं काय, तो त आपल्यापाशीच हाये.

दुसऱ्या वर्षी तिचा आवाज बसला. आमी म्हनलं चुलीच्या धुरानं बसला, लेकरांवर ओरडून बसला. हळद-दूध पाजलं, गरम पानी, मध, कोनी काय सांगे कोनी काय. असे कितीक महिने गेले. तिनं जिंदगीत कधी तंबाखू तोंडात नाई टाकला, म्हनून कॅन्सरचं कोनाच्या मनातच नाई आलं. शेवटी सेवाग्रामले दाखवलं तवा लय उशीर झालता. डॉक्टर म्हनले, जीव ठेवाचा तर स्वरयंत्र काढा लागन. त्यायले मी बोल नाई लावत, त्यायनं जीव ठेवला. तुम्ही म्हनसान, ऑपरेशनच्या आधी मोबाईलात आवाज भरून काऊन नाई ठेवला. भराले काई राह्यलंच नव्हतं. नुसती हवा येत होती.

आता तिच्या गळ्याले समोरून भोक हाये, त्यावर सुती रुमाल बांधते. त्यातूनच श्वास घेते. शाळेतलं काम सुटलं. पाटीवर लिहून बोलते, ती शाळेतली काळी पाटी, तीच बरी वाटते तिले.

ती दवाखान्यातून घरी आल्यावर पल्लवीचा सासरहून फोन आला का मावशी, माझ्या हळदीतलं आईचं गानं काढून दे, नुसतं गानं, आपन तिले ऐकवू. मी म्हनलं देते, त्यात काय हाये. मी खुशीत बसली हो कॉम्प्युटरवर. फाईल उघडली, ताई दिसली, लुगड्याचा एकेक धागा दिसे. आवाज नाई. मी स्पीकर वाढवला. वायर काढून लावली. दुसरं लग्न उघडलं तर बँड धाडकन वाजला. मंग खाली पाह्यलं, चित्राच्या खाली आवाजाची रेघ राहते, खालीवर होनारी, तिथं सारं कोरं. तवा मले माझं बोट आठवलं. हे बाहेरून आल्यावर त्यायले सांगतलं.

साऱ्या पावण्यांचे मोबाईल पाह्यले. त्यात डीजे, त्यात नाच, आतल्या खोलीत कोनाचाच मोबाईल निंघाला नव्हता. डिस्क घेऊन नागपूरले गेलो, एक दुकानदार पुसलेलं काढून देते म्हने. आठ दिवसांनं त्यानं काढलेलं दाखवलं, तर कोनाची तरी अर्धी वरात, कोनाचा तरी केक. ताई नाई निंघाली. त्यानं सांगतलं, एकावर एक लग्न चढले, खालचं आता हाती लागत नाई.

मंग काय केलं ऐका, हे मी पल्लवीलेबी नाई सांगतलं अजून. मायवरचं ते पहिलं कडवं मी माझ्या आवाजात म्हनलं आन ताईच्या चित्राखाली जोडलं, तिच्या ओठाले ओठ जुळवून. मिक्सिंगमंदी मी पक्की हाये, कोनाले समजलं नसतं. ताईले बोलावलं. ती इथंच बसली, या स्टुलावर. गानं सुरू झालं. दोन ओळी तिनं ऐकल्या, आन हात लांब करून स्पीकरचं बटन तिनंच शून्यावर नेलं. चित्र तसंच चालू देल्लं, शेवटपर्यंत पाह्यलं. मी खाली बसली आन सारं सांगून टाकलं, टिकचं, पुसल्याचं, सारं. मले वाटे ती मले मारन. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं पाटी घेतली आन लिहिलं, माझा आवाज कसा होता.

मी म्हनलं, गोड होता वं ताई.

तिनं पाटी पुसली आन लिहिलं, खोटं.

खोटंच होतं न. तिचा आवाज गोड नव्हताच कधी. तो भोंगा होता. मंग मले तिसरं कडवं विचारल्यावाचून राहवलं नाई, म्हनलं ताई, माझ्यावर काय म्हनलं होतं तू. तिनं खडू उचलला. मंग लिहिलं, तवाच जुळवलं, तवाच गेलं.

आन एक गोष्ट सांगते, हे सर्वात वाईट. पहिले मी डोळे मिटले का तिची हाक ऐकू ये. ते कडवं जोडल्यापासून नाई येत. आठवाले गेली का माझाच आवाज ऐकू येते, तो जोडलेला. चित्राखालचा आवाज त मी पुसला, डोक्यातला पुसता नाई येत.

आता यायनं नवा कॉम्प्युटर घेतला. त्याले हलकं करनं-फिरनं काई लागत नाई, कार्डातली फाईल जशीच्या तशी टाका, धावते. आवाज आपोआप येते. लोक अजूनबी म्हनतात वहिनी, हा कालवा काढा, गानं लावा. मी लावून देते. पन मूळ फाईल आता माझ्या हातानं पुसली जात नाई. घरात डिस्कचा ढीग झाला, हे चिडतात, म्हनतात कोनाच्या मामीचं बोंबलनं सांभाळून ठेवतं तू. त्यातलं कोनी कधी मांगाले आलं नाई, आन येतीन असं मले वाटतबी नाई.

ताई येते रविवारी. तिकडं विहारात जाते, हात जोडून मागं बसते, वंदना आता दुसऱ्याच पोरी सुरू करतात. मंग यष्टीनं इकडं. चहा झाला का स्टुलावर बसते आन बोटानं दाखवते, लाव. मी मुकं चित्र लावते. तिसऱ्या कडव्याले मी थांबवून थांबवून पाह्यलं हाये, मागं नेऊन नेऊन पाह्यलं. ओठ पुढं येतात, मंग दात दिसतात, ते सुनी हाये. त्याच्या पुढचं मले लागत नाई. पडद्यावर साऱ्या बायका हसतात आन मी ताट घेऊन दारातून बाहेर जाते.

निंघताना मी तिच्या पाया पडते. ती डोक्यावर हात ठेवते आन तिचे ओठ हालतात, रुमाल जरासा फुगते. सुनी तेवढं मी वळखते. पुढं काय म्हनते ते मले समजत नाई, आन दर खेपेले पाटी काढ म्हनाची मले हिंमत होत नाई. मी हो म्हनते, आन तिले फाट्यावर सोडाले जाते.