रोटात मोजलेली गाडी मोडीत दिल्याबाबत

मी भिकुबाई उखा बोरसे, वय अंदाजे ६२ वर्षे, धंदा घरकाम (हे खोडून माझ्या सांगण्यावरून ‘गाडीमालक’ असे लिहिले), राहणार रनाळे, ता. जि. नंदुरबार. पोलीस ठाण्यात आपण होऊन हजर झाले असून विचारल्यावरून सांगते ते असे की,

मी वरील ठिकाणी मुलगा हेमकांत, सून स्वप्नाली व नातू यांच्यासह राहते. आमची शेती आहे आणि एक दहा चाकी डिझेल ट्रक होता. तो माझे पती उखा यांनी घेतला होता. ते तीन वर्षांपूर्वी वारले, त्यानंतर गाडी माझ्या नावावर झाली. हेमकांतने काल चोरीची जी तक्रार दिली तिच्यात ‘माझ्या मालकीचा ट्रक’ असे लिहिले आहे. ते चूक आहे. गाडीचे कागद मी पिशवीतून काढून हवालदार गायत्री मॅडमना दाखवले. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

तक्रारीत गोवाल पावरा, राहणार धडगाव, याच्यावर संशय घेतला आहे. गोवाल आमच्या गाडीवर हेमकांतचा जोडीदार ड्रायव्हर आहे. हेमकांतच्या वडिलांच्या हाताखाली तो गाडी शिकला. मला मावशी म्हणतो. आज सकाळी आम्ही दोघे एसटीने परत आलो तेव्हा स्टँडवरून पोलीस त्याला इकडे घेऊन आले. मी रिक्षा करून मागोमाग आले. गोवालने चोरी केलेली नाही. गाडी मी नेली. मला चालवता येत नाही म्हणून त्याने चालवली, एवढाच त्याचा गुन्हा. तो काल दुपारपासून उपाशी आहे, आधी त्याला चहा द्या मग माझे लिहा, असे मी म्हटले. त्याला चहा व बिस्किटे देण्यात आली.

आमची गाडी इथून कापसाच्या गाठी घेऊन गुजरातमधल्या बंदरावर जात असे आणि येताना खत घेऊन येत असे. बंदराच्या फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागते. रांग मुंगीसारखी सरकते, म्हणून कोणी इंजिन बंद करत नाही. हेमकांतच्या वडिलांनी तीस वर्षे ती रांग काढली. घरी आले की त्यांच्या उशीचा अभ्रा काळा व्हायचा. मी चिडायचे. डोक्याला इतके तेल कशाला थापता, म्हणायचे. ते हसायचे आणि तेल लावणे बंद करायचे. अभ्रा तरी काळाच. पुढे दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, बिड्या किती ओढायचे? त्या माणसाने उभ्या जन्मात बिडीला हात लावला नाही. तेव्हा मला कळले की ते तेल नव्हते. इतकी वर्षे मी त्या माणसाला उगाच बोलले, याचे मला आजही वाईट वाटते.

गेल्या दिवाळीपासून हेमकांत खोकतो. झोपेत उठून बसतो. स्वप्नाली मला सांगते, मी ऐकतेही. तो म्हणतो, धूळ गेली. धूळ काय रोज जाते का? वय चौतीस आणि जिना चढला की कठड्याला धरतो. डॉक्टरकडे चल म्हटले की त्याला काम निघते. आत्ता मी हे सांगत असताना तो बाहेर बाकावर बसून खोकतो आहे. हे लिहा, असे मी मॅडमना म्हटले. जबाबात खोकला लिहीत नाहीत, असे त्या म्हणाल्या. मग माझा अंगठाही मिळणार नाही, असे मी सांगितले. त्यावरून लिहिले.

बंदराच्या गावच्या नगरपालिकेने या वर्षी एक योजना काढली. बंदरावर नेहमी येणाऱ्या जुन्या डिझेल गाडीच्या मालकाने ती मोडीत दिली, तर गॅसवर चालणाऱ्या नव्या गाडीला नगरपालिका मदत करते. बाहेरगावच्या गाड्यांनाही मिळते. शिवाय गॅसच्या गाड्यांसाठी फाटकावर वेगळी वाट ठेवली आहे, तिथे थांबावे लागत नाही. स्वप्नालीने मोबाईलवर वाचून मला हे सांगितले. मदतीचे मला बरे वाटले, पण ‘थांबावे लागत नाही’ हे मी तिच्याकडून तीनदा वाचून घेतले. नाव तिनेच नोंदवले. मुदत या महिन्याअखेरपर्यंतची होती आणि मालकाने स्वतः गाडीसोबत हजर राहायचे होते.

मी हेमकांतला चोरून काही केले नाही. आधी सांगितले. तो म्हणाला, “माय, बापनी गाडी शे ती. मोडमा टाकानी का?” मी म्हटले, “तुन्हा बाप बी तिन्हाच धूरमा गया.” तो ताटावरून उठला. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. आमच्या घरात असेच आहे, नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही.

आता कानबाईचे सांगते, कारण भांडण खरे तिथे झाले. आमच्याकडे श्रावणात कानबाई देवी बसते. तिच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून घेतात. कालचे जन्मलेले पोर असले तरी त्याची मूठ धरतात. तो रोट भाऊबंदच खातात, बाहेर देत नाहीत. ज्या वर्षी गाडी घेतली त्या वर्षी हेमकांतचे वडील म्हणाले, “हाऊ मन्हा दुसरा आंडोर, कमाई करी देस, त्यानी बी मूठ टाक.” आंडोर म्हणजे मुलगा. सगळे हसले. मीही हसले आणि टाकली. मग दरसाल टाकायची रीत पडली. हसायचे थांबले, मूठ चालू राहिली.

या वर्षी मी हेमकांतची मूठ घातली, नातवाची घातली आणि सूप बाजूला सारले. गाडीची घातली नाही. सगळे भाऊबंद बसलेले. हेमकांत उठला, स्वतः सव्वा मूठ गहू घेतले आणि सुपात टाकले. माझ्याकडे बघितलेसुद्धा नाही. त्यावर मोठे दीर म्हणाले, रोटात मोजला तो घरचा, त्याला वर्षभर घराबाहेर काढत नाहीत. झाले! हेमकांतला कोलीत मिळाले. पुढच्या कानबाईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही, असे त्याने चार माणसांत सांगून टाकले. पुढच्या कानबाईला मुदत संपलेली असणार आणि पोरगा आणखी एक वर्ष रांगेत बसणार. मी दिरांना म्हटले, कानबाई बी माय शे, तिले मन्हं समजस. ते म्हणाले, बाईमाणसाने यात पडू नये. मला संताप आला, पण सण होता, म्हणून सूप उचलून दळायला बसले.

परवा हेमकांत शहाद्याला साडूकडे मुक्कामी गेला. मुदतीचे मोजके दिवस उरले होते. मी गोवालला बोलावले. तो म्हणाला, “मावशी, भाऊला कळलं तर तो मला चाकाखाली घालेल.” मी म्हटले, “गाडी राहिली तर घालेल ना?” तो नको नको म्हणत होता. शेवटी मी म्हटले, तू येत नसशील तर दुसरा ड्रायव्हर बघते, पण ज्याने तुला स्टेअरिंग धरायला शिकवले त्याच्या गाडीला परका माणूस शेवटचा नेईल. मग तो आला. हे मी त्याला बोलायला नको होते, पण बोलले. स्वप्नालीला सांगितले, हेमकांत फोनवर विचारेल तर गाडी भाड्याला गेली म्हण. ती म्हणाली, मी खोटे बोलणार नाही, मी फोनच उचलणार नाही. त्यामुळे गाडी जागेवर नाही असे गावातून कोणी कळवल्यावर हेमकांतला ती चोरीला गेली असे वाटले असावे. गोवालने भीतीपोटी फोन बंद ठेवला, त्याने संशय वाढला. यात सुनेचा दोष नाही.

काल पहाटे आम्ही रनाळ्यातून निघालो. निघताना मी गाडीला हळद-कुंकू लावले, नारळ फोडला. इतक्या वर्षांत मी त्या गाडीत कधी बसले नव्हते. हेमकांतच्या वडिलांना बाईमाणूस केबिनमध्ये चालत नसे. चढताना गोवालने हात दिला. आत त्यांचा वास होता, तीन वर्षांनंतरही. नवापूरपर्यंत मी रडले. मग घाटात मला उलटी झाली, रडणे राहून गेले.

मोडीचे यार्ड बंदराच्या फाटकाला लागूनच आहे, म्हणून आम्हालाही त्याच रांगेतून जावे लागले. तीन तास लागले. पुढे गाड्या, मागे गाड्या, सगळ्या सुरू. काच लावली तर जीव घाबरतो आणि उघडली तर धूर आत. माझे डोळे चुरचुरले, छाती दाटून आली. मी पदराने तोंड पुसले तर पदर काळा. अभ्र्यावर असायचा तोच रंग. मी गोवालला विचारले, हे रोज असेच? तो म्हणाला, मावशी, आज तर कमी आहे. तेवढ्यात बाजूच्या मोकळ्या वाटेने एक गॅसची गाडी सरळ आत गेली. ड्रायव्हर गाणे म्हणत होता, मला ऐकू आले. माझा हेमकांत लहानपणी गावातल्या भजनात खणखणीत आवाजात गायचा. त्या वेळी माझ्या मनात जी काही शंका होती ती गेली.

यार्डात मी गाडी ताब्यात दिली, मालक म्हणून अंगठा दिला. तिथल्या माणसाने विचारले, आजी, घरच्यांना विचारले का? मी म्हटले, घरचीच आहे मी. गाडी आज दुपारनंतर कापणार आहेत, असे त्यांनी सांगितले. रात्री स्टँडवर बसून आम्ही पहाटेची एसटी धरली.

ठाण्याच्या साहेबांनी आत्ता यार्डात फोन लावून खात्री केली. गाडी अजून उभी आहे. मालकाने जेवणाच्या सुट्टीपूर्वी कळवले तर परत मिळेल, नंतर नाही, असे ते म्हणाले. हेमकांतने आत येऊन माझ्यासमोर फोन धरला. “माय, सांग त्याले, नको कापू. पाया पडस तुन्हा.” माझा मुलगा माझ्या पाया पडतो म्हणाला. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी त्याला म्हटले, मी नाही म्हणणार नाही. पण मी काय सांगितले ते आधी सगळे ऐक. ऐकून झाल्यावरही फोन लाव म्हणालास, तर मी लावीन. हेमकांतने ते कबूल केले व तो समोर बसला. गोवाल दाराशी उभा होता.

त्याप्रमाणे मॅडमनी वरील मजकूर मोठ्याने वाचण्यास सुरुवात केली. वाचताना जे घडले ते माझ्या सांगण्यावरून पुढे लिहिले आहे.

उशीच्या अभ्र्याचे वाचले तेव्हा हेमकांत खाली बघत होता. त्याच्या खोकल्याचे वाचले तेव्हा तो म्हणाला, हे कशाले लिखं? रोटाच्या मुठीचे वाचले तेव्हा त्याने मान हलवली, हे खरे आहे म्हणाला. नंतर रांगेचे वाचले. पदर काळा झाल्याचे ऐकताच हेमकांत उठला आणि त्याने गोवालची कॉलर धरली. साहेब मध्ये पडले. हेमकांत ओरडला, “मन्ही मायले तू त्या धूरमा तीन तास बसाडं? तुले काही वाटनं नही? बुढी बाई शे ती! मरी जाती मंग?”

गोवालने कॉलर सोडवली नाही. तो म्हणाला, “भाऊ, तू रोज बसतोस.”

हेमकांतने कॉलर सोडली. त्याला खोकल्याची उबळ आली, ती बराच वेळ थांबली नाही. मी त्याची पाठ चोळली. लहानपणानंतर पहिल्यांदाच त्याने चोळू दिली. नंतर तो माझ्याजवळ खाली बसला.

यार्डाचा नंबर लावून देऊ का, असे साहेबांनी त्याला विचारले. हेमकांतने माझा पदर हातात घेऊन पाहिला आणि नको म्हणाला. गोवालवरची तक्रार मागे घेतो म्हणाला. गोवालशी तो अजून बोललेला नाही, पण बाहेर जाऊन त्याच्यासाठी वडापाव आणला आहे.

माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही. मला लिहिता-वाचता येत नाही. वरील सर्व मजकूर मला व माझ्या मुलाला वाचून दाखवला, तो मी बोलले तसाच उतरवला आहे, म्हणून डाव्या हाताचा अंगठा देते. दवाखाना किती वाजेपर्यंत उघडा असतो, हे मी मॅडमना विचारून घेतले आहे.

अंगठा: भिकुबाई उखा बोरसे
समक्ष: महिला पोलीस हवालदार गायत्री वळवी