चौथ्या मजल्यावरच्या आजी

परक्या देशातल्या एका लॉन्ड्रीत, कपडे धुवायला आलेल्या मराठी नर्सबाईंच्या कानावर अवचित आपली भाषा पडली. शेजारच्या बाकावर दोन तरुण धर्मप्रचारक कपडे वाळायची वाट बघत होते.

“चौथ्या मजल्यावरच्या आजी बाप्तिस्मा घेणार, आणि तोही तुझ्या हातून? आयत्या बिळावर नागोबा!”

“दादा, तुमच्या पोटात दुखतंय.”

“माझ्या? मला आनंदच झालाय. चार महिने मी त्यांच्या पायऱ्या झिजवल्या, भांडी घासली, अख्खं शुभवर्तमान समजावलं. तुला येऊन तीन आठवडे नाही झाले!”

“तुम्ही भांडी घासायचात ना, तेव्हा त्या माझ्याशी बोलायच्या.”

“काय बोलायच्या?”

“देव जाणे. मला कुठे येते त्यांची भाषा? नवऱ्याचा फोटो दाखवून रडायच्या. मी आपला हात धरून बसायचो.”

“प्रभूविषयी एक शब्दही नाही?”

“नाही.”

नर्सबाईंनी हातातल्या मासिकाचं पान उलटलंच नाही. दादाने खिशातून पेन काढलं.

“वही काढ.”

“आत्ता? कशाला?”

“आजपासून रोज दोन तास तुला इथली भाषा शिकवणार आहे. व्याकरणासकट. मग बघतो, तुझ्याकडे कोण रडायला येतं ते!”